सिनेमा आहे, पोस्टर कुठंय? लायब्ररीतले राखाडी चौकोन आणि मामाच्या व्हीसीड्या

रात्री साडेदहाला मामाचा फोन. "अरं, सगळ्या पिच्चरची फोटू गेल्यात की. एकावर नुसतं गाडीचं चाक दिसतंय, एकावर काळंकुट्ट. आता मी पिच्चर वळखायचा कसा?"

मामा कोल्हापूरचा, आणि त्याच्याकडं मराठी सिनेमांच्या व्हीसीडी-डीव्हीडीचा ढीग होता, दोनशेच्या आसपास सिनेमे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत बसून त्या सगळ्या मी एका जुन्या डेस्कटॉपवर उतरवल्या, वर जेलीफिन नावाचं, साठवलेले सिनेमे टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, आणि टीव्हीवर त्याला एकदम दुकानात मांडल्यासारखी पोस्टरं दिसायला लागली. मामा नावं वाचत नाही, चष्मा कुठंतरी दुसऱ्या खोलीत असतो. तो पोस्टर बघून ओके दाबतो. त्यामुळं पोस्टर गेलं म्हणजे त्याच्यासाठी सिनेमाच गेला.

मग दोन-तीन रात्री फोनवर आणि एक शनिवार-रविवार प्रत्यक्ष जाऊन हे सगळं निस्तरलं, आणि तेव्हा लक्षात आलं की हा प्रकार जवळपास सगळ्यांकडं होतो पण का होतो ते कुणी नीट सांगत नाही, यूट्यूबवर सगळे "रिफ्रेश दाबा" एवढंच सांगतात. तर इथं जरा आतून समजून घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे पोस्टर तुमच्या सिनेमाच्या फाईलमध्ये नसतंच. म्हणजे एमपीफोर किंवा एमकेव्ही फाईलच्या पोटात चित्र घालता येतं, काही लोक घालतातही, पण आपल्याकडच्या बहुतेक फाईलींमध्ये ते नसतं. मग टीव्हीवर दिसतं ते येतं कुठून? सर्व्हर, म्हणजे ज्यावर जेलीफिन चालतं तो कॉम्प्युटर, आधी फाईलचं नाव वाचतो. त्या नावातून सिनेमाचं नाव आणि वर्ष काय असेल याचा अंदाज बांधतो. मग इंटरनेटवरच्या एका मोठ्या कॅटलॉगला विचारतो की बाबा असा सिनेमा तुझ्याकडं आहे का. कॅटलॉग म्हणतो आहे, त्याचा नंबर अमुक. मग त्या नंबरावर कुठली पोस्टरं आहेत ते विचारून त्यातलं एक उतरवून घेतो, आपल्याकडं जपून ठेवतो आणि टीव्हीला दाखवतो. एवढी साखळी आहे. यातली कुठलीही एक कडी तुटली की पडद्यावर दिसणारा परिणाम साधारण सारखाच, राखाडी चौकोन. म्हणून लोक गोंधळतात, कारण आजार चार आणि लक्षण एक.

हा जो कॅटलॉग आहे तो बहुतेक वेळा टीएमडीबी असतो, द मूव्ही डेटाबेस. बऱ्याच लोकांना वाटतं आयएमडीबी, पण ती वेगळी, १९९० पासूनची साइट आणि १९९८ पासून अमेझॉनच्या मालकीची. टीएमडीबी २००८ च्या सुमारास सुरू झालं आणि ते विकिपीडियासारखं चालतं, म्हणजे तुमच्याआमच्यासारखी माणसंच त्यात माहिती आणि पोस्टरं भरतात. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्यावर यायचंय.

आणि सॉफ्टवेअरचं म्हणाल तर लोक साधारण तीन वापरतात. कोडी, जे मुळात एक्सबॉक्स या गेमच्या डब्यासाठी एक्सबीएमसी नावानं जन्मलं आणि २०१४ साली त्याचं नाव बदललं. प्लेक्स, जे त्याच्यापासूनच फुटून निघालं. आणि जेलीफिन, जे २०१८ च्या डिसेंबरात एम्बी नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरनं आपला सोर्स कोड बंद केल्यावर त्यातून वेगळं झालं आणि पूर्ण फुकट आहे. बटणांची नावं वेगळी, पण वर सांगितलेली साखळी तिघांचीही जवळपास तीच.

आता आधी काहीही दाबू नका. नुसतं बघा. हे मी मामाला फोनवर दहा वेळा सांगितलं तरी त्यानं तोपर्यंत बरंच काही दाबून झालेलं होतं, ते येईलच पुढं. बघायचं काय, तर पोस्टर नसलेल्या सिनेमावर जायचं आणि त्याची माहिती उघडायची. कथा, कलाकार, वर्ष हे सगळं बरोबर येतंय आणि फक्त चित्र नाहीये? म्हणजे ओळख पटलीय, अडलंय पुढं कुठंतरी. कथा पण नाही, कलाकार पण नाहीत, नाव म्हणून फाईलचं ओबडधोबड नावच दिसतंय? म्हणजे कॅटलॉगशी बोलणंच झालेलं नाही, किंवा झालं पण ओळख पटली नाही. आणि तिसरा प्रकार, सगळं दिसतंय पण भलत्याच सिनेमाचं? म्हणजे ओळख पटली, पण चुकीच्या माणसाशी.

मामानं सांगितलेलं ते गाडीचं चाक हा पण एक पुरावाच असतो. जेलीफिनमध्ये स्क्रीन ग्रॅबर नावाची एक सोय आहे, ती चालू असली आणि पोस्टर कुठूनच मिळालं नाही तर सर्व्हर सिनेमातलीच एखादी फ्रेम उचलून लावतो. ती फ्रेम कुठली निघेल याचा काही नेम नाही, म्हणून कुणाच्या वाट्याला चाक, कुणाच्या वाट्याला अंधार. म्हणजे पोस्टरच्या जागी असली आडवी विचित्र फ्रेम दिसली की समजायचं, सर्व्हरनं बाहेर विचारलं होतं आणि हात हलवत परत आला.

दुसरा प्रश्न, किती सिनेमांचं गेलंय? दोनशेपैकी पाच-दहा असतील तर त्या त्या सिनेमात काहीतरी आहे. सगळेच्या सगळे गेले, किंवा अमुक तारखेनंतर टाकलेले सगळे गेले, तर सिनेमांना हात लावू नका, दोष रस्त्याचा आहे.

मामाचे सगळेच गेले होते. म्हटलं, मामा, गेल्या महिन्यात काय बदललं घरात? तर म्हणे, "काय न्हाई रं, ते नवीन फायबरचं कनेक्शन घेतलं तेवढंच." तिथंच निम्मा उलगडा झाला.

हे भारतातल्या लोकांनी नीट वाचा, कारण बाहेरच्या देशातल्या गाइडमध्ये हे सहसा सापडत नाही. आपल्याकडं काही इंटरनेट कंपन्यांच्या लाइनवर टीएमडीबीचा पत्ताच नीट लागत नाही. होतं काय, कुठल्याही साइटवर जायचं तर तुमचा कॉम्प्युटर आधी डीएनएसला विचारतो की या नावाचा सर्व्हर राहतो कुठं. हा डीएनएस म्हणजे नाक्यावर बसलेला माणूस, त्याला पत्ता विचारायचा. साधारणपणे तो तुमच्या इंटरनेट कंपनीनंच बसवलेला असतो. आणि त्यानंच टीएमडीबीचं नाव घेतल्यावर भलत्याच गल्लीत हात दाखवला तर सर्व्हर बिचारा तिथं जाऊन दार वाजवत बसतो, कुणी उघडत नाही, आणि शेवटी चाकाचा फोटो लावून मोकळा होतो. यात गंमत अशी की माहिती देणारा पत्ता वेगळा आणि चित्रं देणारा पत्ता वेगळा असतो, त्यामुळं कधीकधी कथा-कलाकार येतात आणि पोस्टरंच येत नाहीत, असं अर्धवट पण होतं.

तपासायचं कसं? ज्या मशीनवर सर्व्हर आहे त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये टीएमडीबीची साइट उघडून बघा, आणि एखाद्या पोस्टरवर क्लिक करून ते मोठं होतंय का ते पण बघा. त्याच मशीनवर म्हणतोय, फोनवर नाही. फोनच्या मोबाईल डेटावर उघडलं म्हणून काही सिद्ध होत नाही. जेलीफिनमध्ये पोस्टर आणण्याचं काम सर्व्हर करतो, टीव्ही फक्त सर्व्हरकडून घेतो, म्हणून टीव्हीचं इंटरनेट तपासून उपयोग नाही. कोडीत उलटं, तिथं सहसा ज्यावर कोडी चालतं तो प्रत्येक डबा आपलं आपण आणतो. प्लेक्स स्वतःच्या मधल्या सर्व्हरमधून बरंचसं आणतं, त्यामुळं त्यात हा त्रास कमी.

साइट उघडत नसेल तर नाक्यावरचा माणूस बदला. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ किंवा गुगलचा ८.८.८.८, दोन्ही फुकट, राउटरमध्ये किंवा नुसतं त्या मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये टाकायचे, इंग्रजी आकड्यांत. मग मशीन एकदा बंद-चालू. इथं एक खोच आहे ज्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. आजकालचे राउटर दोन प्रकारचे पत्ते वाटतात, जुना आयपीव्ही४ आणि नवा आयपीव्ही६, आणि आपण जुन्या रकान्यात १.१.१.१ लिहून खूश होतो, तिकडं कॉम्प्युटर मात्र नव्या रकान्यातल्या कंपनीच्याच माणसाला विचारत राहतो. दोन्ही रकाने बदला. आणि तरीही नाहीच झालं तर कंपनी वाटेतच तुमचा प्रश्न अडवून आपलं उत्तर देत असू शकते, तेव्हा डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस चालू करायचं, म्हणजे प्रश्न बंद पाकिटातून जातो. विंडोज ११ मध्ये ती सोय सेटिंगमध्येच आहे.

आता मामानं काय दाबलं होतं ते. पोस्टरं येत नाहीत म्हणून त्यानं कुणाचातरी व्हिडिओ बघून अख्खी लायब्ररी, म्हणजे जेलीफिननं बनवलेली सिनेमांची यादी, डिलीट केली आणि परत बनवली. लायब्ररी डिलीट केली म्हणून सिनेमाच्या फाईली जात नाहीत, घाबरू नका, पण आधी आणून ठेवलेली पोस्टरं, मी हातानं लावलेल्या ओळखी, हे सगळं गेलं. म्हणजे आधी फक्त नवीन टाकलेल्या आठ-दहा सिनेमांचं पोस्टर अडलं होतं, आता दोनशे. रस्ता बंद असताना घरातलं धान्य फेकून देण्यासारखं झालं हे. डिलीट हे सगळ्यात शेवटचं औषध, आणि ते पण रस्ता चालू आहे याची खात्री करून.

डीएनएस बदलला, लायब्ररीचा स्कॅन लावला, आणि अर्ध्या तासात दीडशेएक पोस्टरं धडाधड आली. मामा फोनवर एकेक नाव वाचून दाखवत होता, चष्मा लावून. उरले पन्नासएक. ते उरले नावांमुळं.

नावांचा विषय मराठी सिनेमांच्या बाबतीत फार रंगतदार आहे, कारण आपण फाईलला नाव देतो इंग्रजी अक्षरांत आणि मराठी इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं यावर दोन माणसांचं एकमत नाही. "अशी ही बनवाबनवी" घ्या. बनवामधला व कुणी डब्ल्यूनं लिहितं, कुणी व्हीनं, बनवाबनवी कुणी जोडून, कुणी तोडून, अशी चा शेवट एकानं आय केला तर दुसऱ्यानं डबल ई. "झपाटलेला"चा झ कुणाचा झेड, कुणाचा जेएच. कॅटलॉगमध्ये ज्या माणसानं नोंद केली त्यानं त्याच्या मनानं एक स्पेलिंग टाकलेलं असतं, आणि तुमचं स्पेलिंग लांबचं असेल तर यंत्राला ओळख पटत नाही, त्याला बिचाऱ्याला लक्ष्या माहीत नाही. ज्ञ तर विचारूच नका. प्रभातचा १९४० चा "संत ज्ञानेश्वर" मराठी माणूस डी-एन-वाय नं लिहिणार, आणि १९६४ चा त्याच नावाचा हिंदी सिनेमा जी-वाय नं लिहिला जातो. देवनागरीत बघाल तर दोन्ही एकच नाव. चुकून जी-वाय लिहिलंत तर सर्व्हर आनंदानं हिंदी सिनेमाचं पोस्टर आणून लावेल आणि वर काही चूक झालीय हे सांगणार पण नाही.

यावर उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. आधी टीएमडीबीवर जाऊन सिनेमा शोधा, तिथं जे स्पेलिंग आहे तेच फाईलला द्या. कधी देवनागरीत शोधलं तर लवकर सापडतो, कारण बऱ्याच नोंदींत मूळ नाव देवनागरीत भरलेलं असतं. प्रत्येक सिनेमाला वेगळा फोल्डर करा, फोल्डरचं आणि फाईलचं नाव एकच ठेवा, नावापुढं गोल कंसात वर्ष, इंग्रजी आकड्यांत. बाकी सगळा कचरा काढा, म्हणजे कुठल्या साइटचं नाव, कुणाच्या टीमचं नाव, फाईल किती पिक्सेलची वगैरे. सर्व्हर यातलं बरंचसं स्वतःच गाळतो, पण सुरुवातीलाच साइटचं नाव चिकटलेलं असलं की त्यालाच सिनेमाचं नाव समजून बसतो. आणि विंडोजवर फाईलच्या नावात विसर्गासारखे दोन ठिपके, प्रश्नचिन्ह, तिरपी रेघ चालत नाहीत, तिथं सरळ ते गाळून टाका, त्यानं सहसा अडत नाही.

वर्ष म्हणजे चैन नाही, गरज आहे. "श्यामची आई" दोन आहेत, अत्र्यांचा १९५३ चा आणि नंतरचा २०२३ चा, आणि वर्ष नाही दिलं तर कुठला लागेल ते सर्व्हरच्या मर्जीवर. मामाच्या जुन्या सिनेमावर नव्याचं पोस्टर लागलं होतं, आणि मामा म्हणतो कसा, "ह्यो तर नवा दिसतोय, माझा तर जुना हाय." त्याला लगेच कळलं, यंत्राला नाही.

पण वर्ष कुठलं द्यायचं, यातही मेख आहे. आपल्या डोक्यात असतं ते थेटरात लागल्याचं वर्ष. कॅटलॉगमध्ये मात्र जगात पहिल्यांदा कुठं दाखवला ते वर्ष असू शकतं. "कोर्ट" व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ साली दाखवला गेला, आपल्याकडं लागला २०१५ च्या एप्रिलमध्ये. "फँड्री" महोत्सवांत २०१३ ला आणि थेटरात २०१४ च्या फेब्रुवारीत. म्हणून महोत्सवात फिरून आलेला सिनेमा सापडत नसेल तर वर्ष एकनं कमी करून बघा. आणि "कोर्ट"सारख्या छोट्या, कुठल्याही भाषेत असू शकणाऱ्या नावाला तर वर्ष नसेल तर देवच वाली.

तिसरी गंमत जुन्या सिनेमांची. प्रभात कंपनी १९२९ ला कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, त्यामुळं मामाला प्रभातचा जरा जास्तच अभिमान, त्यांचे मिळतील तेवढे सिनेमे त्यानं जमवलेत. आणि प्रभातवाले एकच सिनेमा मराठीत आणि हिंदीत असा दोनदा काढायचे. १९३२ चा "अयोध्येचा राजा" आणि हिंदीतला "अयोध्या का राजा". १९३७ चा "कुंकू" आणि हिंदीतला "दुनिया ना माने". १९३९ चा "माणूस" आणि "आदमी". १९४१ चा "शेजारी" आणि "पडोसी". वर्ष एक, दिग्दर्शक एक, बरेचसे कलाकार तेच. कॅटलॉगमध्ये कधी दोन्हींची वेगळी नोंद असते, कधी दोन्ही मिळून एकच, आणि त्या एका नोंदीवर पोस्टर हिंदीचं. इथं नाव-वर्ष कितीही अचूक लिहा, खेळ नशिबावरच.

अशा वेळी नावावर अवलंबून राहायचंच नाही, सरळ नंबर द्यायचा. टीएमडीबीवर सिनेमाचं पान उघडलं की वरच्या पत्त्यात एक आकडा दिसतो, तो त्या सिनेमाचा कायमचा नंबर, आधार कार्डासारखा. जेलीफिनसाठी फोल्डरच्या नावात शेवटी चौकोनी कंस करून टीएमडीबीआयडी, मग छोटी आडवी रेघ, मग तो नंबर, असं इंग्रजी अक्षरांत लिहायचं. प्लेक्ससाठी महिरपी कंस आणि आत नुसतं टीएमडीबी, रेघ, नंबर. कोडीला हवं तर सिनेमाच्याच नावाची एनएफओ एक्स्टेन्शनची साधी टेक्स्ट फाईल करून त्यात त्या पानाची लिंक टाकून ठेवली तरी चालतं. यानंतर स्पेलिंग कसंही असो, ओळख चुकत नाही. एक-दोनच सिनेमे असतील तर एवढं पण नको, जेलीफिनमध्ये तीन ठिपक्यांवर आयडेंटिफाय आणि प्लेक्समध्ये फिक्स मॅच असतं, तिथं शोधून हातानं निवडायचा. पण हातानं निवडलेली ओळख फक्त त्या लायब्ररीच्या डोक्यात राहते, आणि लायब्ररी उडाली की गेली, मामाच्या बाबतीत तेच झालं होतं ना. फोल्डरवर लिहिलेला नंबर मात्र कुठंही न्या, सोबत जातो. मी आता सगळ्यांवर नंबर टाकूनच ठेवलेत.

व्हीसीडीवाल्यांसाठी एक खास. व्हीसीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटंच मावायची, म्हणून मराठी सिनेमा दोन, कधी तीन चकत्यांवर यायचा, आणि त्या कॉपी केल्या की एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधल्या डॅट फाईली निघतात, सगळ्यांची नावं सारखीच. मला एका फोल्डरात एव्हीएसईक्यू०१ नावाच्या चार फाईली सापडल्या, चार वेगळ्या सिनेमांच्या, पुढं मागं काहीतरी चिकटवून कशाबशा वेगळ्या ठेवलेल्या. या नावावरून सर्व्हरला काय कळणार, कप्पाळ. आत साधा एमपीईजी-१ व्हिडिओच असतो, तो एमपीजी किंवा एमकेव्ही करून घ्या, आणि नावाच्या शेवटी सीडी१, सीडी२ असं इंग्रजीत लावा, म्हणजे तिन्ही सॉफ्टवेअर त्याला एकच सिनेमा धरतात आणि एकच पोस्टर लावतात. नाहीतर पूर्वार्ध आणि उत्तरार्ध दोन वेगळे सिनेमे म्हणून शेजारीशेजारी दिसतात, आणि मामासारखा माणूस चुकून आधी शेवट बघतो.

कधीकधी पोस्टर आलेलं असतं पण दिसत नाही, ते वेगळंच. कोडी एकदा आणलेलं चित्र थंबनेल्स नावाच्या फोल्डरात जपून ठेवतो आणि तेच दाखवत राहतो, तिथं सिनेमाच्या माहितीत जाऊन चूज आर्टमधून परत निवडलं की बहुतेक वेळा सुटतं. ब्राउझरमध्ये असेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर. टीव्हीच्या ॲपमध्ये असेल तर ॲपचा कॅशे, म्हणजे त्यानं तात्पुरतं साठवलेलं, साफ. आणि सर्व्हरच्या डिस्कवर जागा संपलीय का ते जरूर बघा, हे कुणाला सुचत नाही, पण जागा नसली तर चित्र ठेवणार कुठं? लिनक्सवाल्यांनी फोल्डरची परमिशन बघा, सर्व्हर ज्या युजरनं चालतो त्याला वाचता-लिहिता येतंय का. बास, यात याहून जास्त काही नाही.

तर नावं, वर्षं, नंबर सगळं करून मामाचे उरले नऊ. या नऊ जणांची ओळख बरोबर पटली होती, रस्ता चालू होता, पण कॅटलॉगमध्येच त्यांचं पोस्टर नव्हतं. कारण कुणी टाकलेलंच नाही. मघाशी म्हटलं ना माणसंच भरतात, तर ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या एखाद्या कमी चाललेल्या मराठी सिनेमाचं पोस्टर टाकायला माणूस लागतो, आणि तो अजून उगवलेला नाही. इथं कितीही रिफ्रेश दाबा, नाही त्याला काय आणणार.

मग पोस्टर स्वतः करायचं. सिनेमातली फ्रेम वापरू म्हणाल तर व्हीसीडीचा व्हिडिओ असतो ३५२ बाय २८८ पिक्सेलचा, त्यातून पोस्टरच्या आकाराचा उभा तुकडा कापला तर हातात येतो १९२ बाय २८८, टीव्हीवर तो चिखल दिसतो. त्यापेक्षा कव्हर. मामानं सगळी कव्हरं पत्र्याच्या डब्यात ठेवलेली, आणि मामीनं तो डबा माळ्यावर टाकलेला, "दे की टाकून आता" असं दर दिवाळीला म्हणत. प्लास्टिकच्या डबीतून कागद बाहेर काढून स्कॅन करा, डबीसकट फोटो काढाल तर ट्यूबलाइटची पट्टी येते मधोमध. व्हीसीडीचं कव्हर १२ सेंटिमीटरचं चौरस असतं, ३०० डीपीआयला स्कॅन केलं की सुमारे १४०० पिक्सेल मिळतात, भरपूर झाले. पण पोस्टर हवं दोनास तीन, म्हणजे रुंदी दोन तर उंची तीन. चौरसाला दोन्ही बाजूंनी कापलं तर हिरोचा खांदा जातो आणि कधी अख्खी हिरॉईन, म्हणून मी कापण्याऐवजी वर-खाली कव्हरच्याच रंगाची पट्टी वाढवली आणि १००० बाय १५०० केलं. डीव्हीडीचं कव्हर पुढून साधारण १३ बाय १८ सेंटिमीटर असतं, ते जवळपास बसतं, थोडंसं कापलं की झालं.

ते चित्र सिनेमाच्या फोल्डरमध्येच ठेवायचं, नाव पोस्टर, एक्स्टेन्शन जेपीजी, सगळी इंग्रजी छोटी अक्षरं. कॅपिटल-स्मॉलचा फरक विंडोजला कळत नाही पण लिनक्सला कळतो, म्हणून छोटीच. जेलीफिन आणि कोडी ते आपोआप उचलतात, प्लेक्समध्ये लायब्ररीच्या सेटिंगमध्ये लोकल ॲसेट्स वापरा हे चालू आहे का बघा. आणि जेलीफिनमध्ये आर्टवर्क मीडिया फोल्डरमध्ये सेव्ह करा अशी एक खूण असते, ती करून टाका. मग बाहेरून आणलेली पोस्टरं पण सिनेमाच्या शेजारीच राहतात, उद्या मामानं परत लायब्ररी उडवली तरी, रस्ता बंद असला तरी, चित्रं जाग्यावर. हे मी दोन वर्षांपूर्वीच केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, असो.

स्कॅन केलेलं असेल तर टीएमडीबीवर पण चढवा. खातं फुकट आहे. पोस्टर किमान ५०० बाय ७५० हवं, कुठल्या साइटचा शिक्का किंवा वॉटरमार्क नको, आणि चढवताना भाषा मराठी निवडायची. ही भाषेची चिठ्ठी महत्त्वाची, कारण सर्व्हर पोस्टर निवडताना भाषा बघतो, आणि मराठी पोस्टरवर कुणी हिंदीची चिठ्ठी लावली असेल तर ते मागं पडतं. चढवल्या चढवल्या लगेच दिसेल असं नाही, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग रिफ्रेश.

नऊपैकी आठ झाले. नवव्याचं कव्हर वाळवीनं खाल्लेलं, डब्याच्या तळाशी नुसता भुसा. मी म्हटलं राहू दे तो राखाडी. मामानं ऐकलं नाही, वहीचा कोरा कागद फाडला, त्यावर जाड स्केचपेननं सिनेमाचं नाव लिहिलं, खाली आठवेल तशी हिरोची मिशी काढली, आणि म्हणाला, काढ ह्याचा फोटू. काढला. १००० बाय १५०० केला, पोस्टर नाव दिलं, फोल्डरमध्ये टाकला. सध्या तेच लागतंय टीव्हीवर, आणि मामाला तो सिनेमा चष्म्याशिवाय लांबूनच सापडतो.